डीएनए किट घेतलं, चितोड काही सापडलं नाही

आमच्या काकांच्या मते आम्ही मूळचे चितोडचे. आमच्याकडे खटाव तालुक्यात निम्मी गावं हेच सांगतात. पण काका नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वहीत आजोबांची सही बघून आलेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन. वहीत सात पिढ्यांचे बाप्ये आहेत. बायका सापडतात त्या सासरच्या नावाने.

थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये वडिलांची आणि आईची ओळ शोधून देणारं किट दिसलं आणि दोन्ही चाचण्या घेऊन टाकल्या. अडीचशे डॉलरच्या आसपास पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जरा तोंड सोडणार आहे.

डब्यात दोन ब्रश, दोन इवल्या बाटल्या, एक पाकीट. सकाळी चहाच्या आधी ब्रश गालाच्या आत मिनिटभर घासायचा. (न्यू जर्सीत जानेवारीत, चहाच्या आधी!) सहा आठवड्यांनी ईमेल आला: नमुना अपुरा. नवे ब्रश फुकट आले, पण नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. सगळं हातात यायला साडेपाच महिने लागले.

घेण्याआधी एवढं समजून घ्या. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडून सगळ्या लेकरांना मिळतो, पण पुढे मुलीच नेतात. म्हणजे पुरुषाच्या एका गालात दोन्ही ओळी सापडतात. बाईला वडिलांची ओळ हवी असेल तर वडील, भाऊ नाहीतर चुलता गाठावा लागतो. हे डब्यावर ठळक लिहायला काय जातं? आमच्या हिने स्वतःसाठी मागवलेलं किट शेवटी मेहुण्याच्या पुढ्यात गेलं.

माझी वडिलांची ओळ निघाली हॅप्लोग्रुप एच, शाखा एम८२. (हॅप्लोग्रुप म्हणजे एकाच फार जुन्या पूर्वजापासून आलेल्यांचा गट.) काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेला आर-वन-ए हवा होता, लोक उत्तरेकडचा समजतात तो गट. एच हा आपल्याकडचा जुना गट, सगळ्या जातींत कमीजास्त सापडतो. चितोडमध्येही असणारच. म्हणजे काकांचं म्हणणं खरंही ठरत नाही, खोटंही नाही. "मग पैसे कशाला घातलेस?" काका.

नात्यात जुळणाऱ्या लोकांच्या यादीत ३७ मार्करवर (मार्कर म्हणजे डीएनएमधली ताडून बघायची ठरावीक जागा) एकही नाव नाही. आपल्याकडची माणसं या चाचण्या करतातच किती! १२ मार्करवर उतरलो तर अकरा जण, त्यात एक हंगेरीचा. आधी वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली. मग वाचलं तेव्हा कळलं, एच-एम८२ युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांत भरपूर आहे आणि त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी किंवा त्याआधी भारतातूनच निघाले. त्या गृहस्थांना मेल टाकला. उत्तरात त्यांनी घरच्या भाषेतले शब्द लिहून पाठवले: दुय, त्रिन, पांज. कानाला कान, नाकाला नख, पाण्याला पानी. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यो तर आपलंच बोलतोय की." १२ मार्कर जुळले म्हणून भाऊबंद म्हणायचं कारण नाही, एवढ्यावर योगायोगानेही जुळतं. तरी ती मेल मी अजून काढून वाचतो.

आईच्या ओळीचा डीएनए पूर्ण, म्हणजे सुमारे १६,५६९ अक्षरं वाचून दिला. निकाल: गट एम (वरच्या एम८२शी याचा संबंध नाही). भारतात निम्म्याहून जास्त लोक एम. आईला सांगितलं तर, "म्हंजी हितलंच."

खरी गंमत निकालाच्या आधी झाली. फॉर्ममध्ये आईच्या ओळीतली माहितीतली सर्वांत जुनी बाई विचारली होती. आई सहा महिन्यांसाठी इकडे आलेली, स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिची आई सासरची यमुना, माहेरची गजरा. गजराची आई सासरची पारू. पारूचं माहेरचं नाव? आईच्या हातातली काडी तशीच राहिली. "वडूजकडची व्हती. कडक. तिच्या आईला समदी म्हातारीच म्हणायची." पुढे काही नाही. बापाकडून सात पिढ्या, आईकडून साडेतीन. मी फॉर्ममध्ये "पारू, वडूज" लिहिलं.

आणखी एक. दहा पिढ्या मागे गेलं की आपले १,०२४ पूर्वज होतात. हे किट त्यातल्या दोघांचाच माग काढतं, एका कडेचा बाप आणि दुसऱ्या कडेची आई. मधले १,०२२ जण तसेच. जाहिरातीत "तुमचे पूर्वज भेटा" असं म्हणतात, त्यातून हे वजा करा. आणि निकाल उतरवून घेतल्यावर नमुना नष्ट करायला सांगा. ट्वेंटीथ्रीअँडमीसारख्या मोठ्या डीएनए कंपनीने २०२५ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लोक आपापला डेटा पुसायला धावले होते.

५ पैकी ३ तारे. एक तारा ब्रशच्या घोळासाठी कापला, एक त्या जाहिरातीसाठी.

आता आईच्या वडिलांची ओळ राहिली. ती माझ्यात नाही, मामाकडे आहे. मामेभाऊ डॅलसला असतो, त्याला किट पाठवलंय. दोन महिने झाले, डबा त्याच्या फ्रीजवर आहे. रोज म्हणतो, उद्या चहाच्या आधी नक्की.