नागपूरच्या धरमपेठेतला तैलरंगाचा वर्ग: काळा रंग सोडून सगळं मिळेल

आधीच सांगते. हॉलमध्ये टांगायला महिनाभरात एक छानसं चित्र व्हावं एवढीच इच्छा असेल, तर इथे पैसे घालू नका. आमच्या तुकडीतल्या दोघी त्याच आशेनं आल्या आणि पहिली फी संपायच्या आत गळाल्या. त्यांची चूक नाही. सर सुरुवातीला चित्र काढूच देत नाहीत, नुसते रंग कालवायला लावतात.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. मला ते कालवणंच आवडलं.

सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. जुन्या घराचा वरचा मजला, पुढच्या खोलीत वर्ग, मागे त्यांचा संसार म्हणजे एक खाट, चहाचं सामान आणि भिंतीला टेकवलेले कॅनव्हास. उत्तरेच्या खिडकीपाशी सकाळभर स्वतःचं काम, दुपारी आम्ही. वास्तूसाठी सात घोड्यांची ऑर्डर घेऊन आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. त्यांच्या स्वतःच्या चित्रांत एखादी भिंत असते, तिच्यावर एप्रिलचं ऊन, बाकी काही नाही. पण त्या उन्हात पिवळा किती आणि जांभळा किती, हे बघत उभं राहिलं की पाय दुखायला लागतात. सगळीच चित्रं मला पटली असं नाही. काही नुसतीच भडक वाटली, आणि तसं मी बोललेही.

वर्गात काळ्या रंगाची ट्यूब नाही. गडद हवं असेल तर अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळायचा. पहिला धडा संत्र्यांचा: आंबिया बहाराची, देठापाशी हिरवट राहिलेली संत्री पांढऱ्या कापडावर मांडलेली. तयार नारिंगी वापरायला बंदी, कॅडमियमचा पिवळा आणि लाल घेऊन आपला आपण करायचा. मी सावलीसाठी राखाडी कालवायला घेतला, तर सर म्हणाले, "मॅडम, घाई काहून करून राहिल्या? संत्रं नका पाहू, सावली पाहा तं." पाहिलं. सावली फळाला टेकते तिथे तिच्यात नारिंगी उतरलेला होता, आणि लांब जाता जाता ती निळसर होत गेली. शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, "अरे बाप्पा, हे तं आधी दिसतच नव्हतं."

निळ्याशेजारी नारिंगी का पेटतो, याचा शोध एका रसायनशास्त्रज्ञानं घेतला होता. फ्रान्सचा शेव्रल. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत तो रंगाई बघायचा. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रंगात खोट नाही, शेजारच्या रंगांमुळे डोळ्याला तसं दिसतं. 1839 मध्ये त्यानं हे सविस्तर मांडलं. तेल-चरबीत मेदाम्लं (फॅटी ॲसिड) असतात हेही त्याचंच संशोधन. मी वर्षानुवर्षं फळ्यावर मेदाम्लं लिहिली, पण हा माणूस मला भेटला तो इथे.

तैलरंगातल्या तेलाचं म्हणाल तर ते आपलं जवसाचंच. मात्र चटणीच्या जवसाचं घाण्यावरचं तेल रंगात घालू नका. त्यात चिकट गाळ असतो, चित्र लवकर पिवळं पडतं. शुद्ध केलेलं घ्या. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून बर्न्ट अंबर हा तपकिरी लवकर सुकतो, त्यातलं मँगनीज या क्रियेला वेग देतं. टायटॅनियम पांढरा आणि कॅडमियमचे रंग मात्र वाट पाहायला लावतात. याच क्रियेत उष्णता निघते, आणि तेलाची बोळा केलेली फडकी आपोआप पेटू शकतात. सरांकडे त्यासाठी पाणी भरलेला झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. शहरातल्या दुसऱ्या एका वर्गात हीच फडकी खोक्यात कोंबलेली पाहिली होती, म्हणून मुद्दाम लिहिते.

चित्रकार रझांचा विषय निघाला की सर थांबत नाहीत. सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 इथेच, नागपूरच्या कलाशाळेत शिकले, हे सांगताना आवाज चढतो. तेवढा वेळ वर्ग बुडाला समजा.

तक्रारी आहेत. जिना अरुंद आणि चढ उंच, माझे गुडघे कुरकुरतात. टर्पेंटाइनच्या वासामुळे खिडक्या उघड्याच असतात, डिसेंबरात स्वेटर घालून बसावं लागतं. दमा असेल त्यांनी आधी एकदा येऊन वास घेऊन बघावा. दुपारचे दोन म्हणजे सरांचे अडीच. आणि कौतुक मिळायचं नाही. माझं संत्रं जमलं तेव्हा "ठीक आहे जी" एवढंच आलं.

फी महिन्याला 2,500, आठवड्यातून दोन दुपारी. रंग आपले आणायचे. ट्यूबवर 'ह्यू' छापलं असेल तर नावातलं मूळ रंगद्रव्य बहुतेक आत नसतं, त्याजागी स्वस्त पर्याय असतो. मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचून घ्या, अल्ट्रामरीनला पीबी 29. कॅडमियम महाग पडतं, लहान ट्यूब घ्या, पुष्कळ दिवस पुरते. मे महिन्यात वर्ग बंद असतो. जुनी साडी किंवा कुर्ता घालून जा, डाग निघत नाहीत.