फिशटँक हलवताना जिवाणूच चोरीला गेले: ३२,८०० रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

मे २०२५ मध्ये आम्ही डोंबिवलीहून पुण्याला घर हलवले. त्या वेळी आमचा तीन फुटी फिशटँक सुखरूप पोहोचवण्यासाठी एका माणसाला मी ३२,८०० रुपये दिले आणि पुढच्या दहा दिवसांत २७ पैकी २३ मासे मेले. या लिखाणाने पैसे परत येतील अशी माझी अपेक्षा नाही. परंतु हा माणूस, किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी, आजही कोणाच्या तरी घरी जुनी खडी पिशव्यांत भरत असेल, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळे लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण घरातल्या आणि बाहेरच्या प्रत्येकाने मला तोच प्रश्न विचारला आहे. मला यातले काही कळत नव्हते म्हणून मी फसले, असे नाही. तो टँक सहा वर्षे मी स्वतः सांभाळला होता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो, जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट करतो, आणि हे जिवाणू पाण्यात तरंगत नसून फिल्टरच्या मीडियावर (म्हणजे फिल्टरमधल्या सच्छिद्र रिंग, स्पंज वगैरेंवर), खडीवर आणि काचेवर चिकटून राहतात, हे मला ठाऊक होते. टँक हलवताना पाणी जुने ठेवले की काम झाले असे अनेकांना वाटते. खरे जपायचे असते ते मीडिया आणि खडी, तेही ओले आणि हवेशीर, हेही ठाऊक होते. मात्र त्याच आठवड्यात सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, यजमान आधीच पुण्यात रुजू झाले होते, आणि १८० लिटरचा टँक, ३० किलो खडी आणि २७ मासे मे महिन्याच्या उन्हात एकटीने चार तासांच्या प्रवासाला नेणे मला शक्य नव्हते. ज्यांना हे सबब सांगणे वाटते त्यांना वाटो.

त्या माणसाची जाहिरात मोबाइलवर दिसली. फोनवर त्याचे पहिलेच वाक्य होते, ‘ताई, जिवाणू पाण्यात नसतात, मीडियात असतात, आपण आधी मीडिया वाचवायचा.’ या एका वाक्याने मी निश्चिंत झाले. मीडिया बंद डब्यात किंवा बंद कॅनिस्टरमध्ये (डब्यासारख्या फिल्टरमध्ये) काही तास राहिला तर आतला प्राणवायू संपून जिवाणू मरतात, म्हणून तो रात्रभर स्वतःच्या चालू फिल्टरवर ठेवीन आणि सकाळी पुण्याला आणीन, असे त्याने सांगितले. बंद फिल्टरचा धोका खरा आहे, त्यामुळे पुढचे खोटे मला ऐकूच आले नाही. जो माणूस आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या खऱ्या गोष्टी आपल्यालाच ऐकवतो, त्याच्यावर आपण फार लवकर विश्वास टाकतो.

पैशांचा हिशेब असा. मंगळवारी, ६ मे रोजी, ३,५०० रुपये आगाऊ. शनिवारी, १० मे रोजी, डोंबिवलीत टँक रिकामा केल्यावर ८,००० रुपये. रविवारी सकाळी नव्या अ‍ॅक्वासॉइलच्या, म्हणजे खडीऐवजी तळाशी घालायच्या मातीच्या गोळ्यांच्या, तीन पिशव्यांचे प्रत्येकी ४,२०० प्रमाणे १२,६०० आणि ‘जिवंत जिवाणूं’च्या दोन पाकिटांचे प्रत्येकी १,८५० प्रमाणे ३,७००, असे १६,३०० रुपये. रविवारी संध्याकाळी ‘हमीची अनामत’ म्हणून ५,००० रुपये, जे पंधरा दिवसांनी परत मिळणार होते. हमी तो देणार होता आणि अनामत मी भरायची होती. यातला उलटा व्यवहार त्या क्षणी माझ्या लक्षात आला नाही. सेवा देणारा हमीसाठी ग्राहकाकडूनच पैसे मागत असेल तर तिथेच फोन ठेवा.

खडी बदलण्याची कल्पना त्याची होती. टँक रिकामा होतच आहे, जुन्या खडीत सहा वर्षांचा गाळ आहे, ती हलवली की सगळी घाण पाण्यात मिसळेल, तेव्हा आताच बदलून टाकू, असे तो म्हणाला. गाळाबद्दलचे म्हणणे बरोबर होते. पण स्थलांतर आणि खडी बदलणे ही दोन कामे एकाच दिवशी करायची नसतात, कारण जिवाणूंची दोन मोठी वस्तीस्थाने एकदम हलवली की तिसरे उरत नाही. बदलायचीच असेल तर खडी एक-तृतीयांश काढावी, दोन-तीन आठवडे थांबून पुढचा भाग काढावा, आणि जुन्यातली दोन-चार किलो खडी जाळीच्या पिशवीत किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्यात भरून नव्या थरावर महिनाभर ठेवावी. खऱ्या अ‍ॅक्वासॉइलच्या अनेक प्रकारांतून तर पहिले काही आठवडे अमोनियाच सुटत असतो, त्यामुळे मासे असलेल्या टँकमध्ये ते एकदम घालणेच चूक. हे सगळे मी त्याला म्हणाले. त्याचे उत्तर होते, ‘ताई, मीडिया जिवंत आहे ना, मग काळजी कसली?’ मी गप्प बसले.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप लागत नाही.

माझ्या फिल्टरमध्ये चार लिटर सच्छिद्र काचेच्या रिंग होत्या, आणि त्यांच्याबरोबर सावंतवाडीजवळच्या माझ्या माहेरच्या घरावरून उतरवलेल्या मंगळुरी कौलांचे तुकडे होते. भाजलेली माती सच्छिद्र असते, जिवाणूंना तिच्यावर राहायला भरपूर जागा मिळते. वडिलांनी हातोडीने ते तुकडे फोडून, उकळून, पोत्यात भरून पाठवले होते. एका तुकड्यावर कारखान्याच्या ठशाची अर्धी अक्षरे उमटलेली होती. सहा वर्षांत रिंग आणि कौले यांच्यावर तपकिरी, किंचित बुळबुळीत थर चढला होता आणि त्यांना पावसाच्या मातीसारखा वास यायचा.

रविवारी दुपारी त्याने पुण्यात डबा उघडला तेव्हा आतल्या रिंग पांढऱ्या होत्या. पांढऱ्या, आणि हाताला जवळजवळ कोरड्या. त्यांना कसलाही वास नव्हता. कौलांचा एकही तुकडा डब्यात नव्हता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘गाळ होता ताई, स्वच्छ धुतला, जिवाणू काय डोळ्यांनी दिसतात? कौलांचा भुगा झाला होता, टाकून दिला.’ कौल पाण्यात सहा वर्षे राहिले म्हणून त्याचा रात्रीत भुगा होत नाही. नुसत्या धुण्याने सहा वर्षांचा थर उतरून रिंग दुकानातल्यासारख्या होत नाहीत. आणि खरोखरच नळाच्या पाण्याखाली इतक्या धुतल्या असतील, तर क्लोरिनने त्यांच्यावरचे बरेचसे जिवाणू मेलेले असणार. कोणत्याही बाजूने विचार केला तरी ते उत्तर टिकणारे नव्हते. एका बाजूला टँकरवाला पाण्याचे पैसे मागत होता, दुसरीकडे रुग्णालयातून फोन येत होता, आणि मासे पिशव्यांत तोंड वर करून धापा टाकत होते. त्यांना लवकर पाण्यात सोडायचे या एकाच विचाराने मी ‘ठीक आहे’ म्हणाले. तो एक शब्द उच्चारण्याऐवजी मी त्याला दारातच थांबवायला हवे होते.

मंगळवारी, १३ मे रोजी, पहिले तीन टेट्रा मेले. अमोनियाची चाचणी केली तर बाटलीतले पाणी गडद हिरवे झाले, म्हणजे सुमारे ४ पीपीएम (दहा लाखांत चार भाग), जिथे शून्य असायला हवे. टँकरच्या पाण्याचा पीएच ८ होता, ही आणखी वाईट गोष्ट, कारण पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो आणि त्याच तापमानाला पीएच ८ झाला की तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो. खरे अ‍ॅक्वासॉइल पीएच खाली आणते. माझ्या टँकमध्ये तो तसूभर हलला नाही, आणि चौथ्या दिवशी त्या ‘जपानी’ छापाच्या पिशवीतली गोळी मी चिमटीत धरली तेव्हा तिचा चिखल झाला. पाकिटातली पूड कोणत्या जिवाणूंची आहे ते तेव्हा वाचले. त्यावर फक्त बॅसिलस लिहिले होते. बॅसिलस बीजाणू तयार करतात म्हणून सुक्या पुडीत तग धरतात आणि कुजणाऱ्या गाळावर काम करतात. अमोनियाचे नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू बीजाणू तयारच करत नाहीत. सुकी पूड टाकून टँक ‘तयार’ होतो असे कोणी सांगितले तर पाकिटाची मागची बाजू आधी वाचा.

मी रोज निम्मे पाणी बदलत होते, प्रत्येक वेळी क्लोरिन मारणारे औषध घालून. खाद्य बंद केले. तरीही २१ मेपर्यंत पंधराही टेट्रा, पाच कोरी आणि तीन एंजल गेले. मेलेल्या एंजलपैकी दोघांच्या जोडीने दोनदा अंडी घातली होती. उरले एक एंजल आणि तीन कोरी, तेही एका मैत्रिणीने १८ मे रोजी स्वतःच्या चालू टँकमधला, जिवाणू असलेला फिल्टरचा स्पंज, पाण्याने भरलेल्या उघड्या डब्यात एअर पंप लावून, गाडीतून आणून दिला म्हणून. तिने एक पैसा घेतला नाही. जे काम मी ३२,८०० रुपयांना विकत घेतले होते ते तिने पाऊण तासात करून दाखवले.

त्या माणसाचा फोन १७ मेपासून बंद होता. २९ मे रोजी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर मला जाहिरात दिसली: ‘सहा वर्षे जुना तयार मीडिया, ९०० रुपये लिटर, जिवाणूंसह खडी, २५० रुपये किलो.’ छायाचित्रात तपकिरी रिंगांमध्ये कौलाचे लाल तुकडे होते आणि त्यांतल्या एकावर ती अर्धी अक्षरे होती. धंदा कसा चालतो ते तेव्हा मला पूर्ण समजले. एकाकडून तयार मीडिया आणि खडी उचलायची, त्याला नवी, निर्जीव वस्तू द्यायची, वर बनावट माती विकायची, आणि त्याचेच जिवाणू दुसऱ्याला विकायचे. मासे मेले की ‘प्रवासाचा ताण’ हे कारण तयारच असते.

आता अधिकाऱ्यांविषयी. नव्या घराजवळच्या पोलीस चौकीत मी छायाचित्रे, चाचणीच्या नोंदी आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या घेऊन गेले. तिथे मला सांगण्यात आले की माल डोंबिवलीतून नेला आहे, तेव्हा तक्रार तिकडे करा. रजा काढून डोंबिवलीला गेले, तर टँक पुण्यात बसवला आहे, शेवटचे पैसे पुण्यातून गेले आहेत, म्हणून पुण्यात करा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घेतली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. मी तो कागद छापून नेला होता. समोरच्या अधिकाऱ्याने तो वाचला नाही. ‘मॅडम, नक्की चोरीला काय गेले? खडीच ना?’ असे त्याने विचारले, आणि मी जिवाणूंविषयी सांगू लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. पिकल्या वाफ्यातली माती कोणी रात्रीत उचलून नेली तर शेतकऱ्याला असेच हसतील का? मदतवाहिनीवर सांगितले गेले की पैसे मी स्वेच्छेने पाठवले आहेत, त्यामुळे ही ऑनलाइन फसवणूक ठरत नाही. बँकेनेही हेच सांगितले. चौथ्या खेपेला एक साधा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारण्यात आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवा ही माझी मागणी मात्र त्यात लिहूनच घेतली नाही. पाच दिवसांची रजा, १,९४० रुपयांचा प्रवास आणि हातात एक शिक्का. त्या काळात ती जाहिरात काढून टाकली गेली. मला ती दोन मिनिटांत सापडली होती. ज्यांच्याकडे यंत्रणा आहे त्यांना ती उघडूनही पाहावीशी वाटली नाही. त्यामुळे तुमच्यावर अशी वेळ आली तर जाहिरातीची छायाचित्रे तारखेसह त्याच क्षणी जपून ठेवा, चौकीत जाण्याआधी.

एक दार मात्र उघडे आहे आणि ते लोकांना ठाऊक नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो, विरोधी पक्ष कुठलाही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील करण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी तक्रार दाखल केली आहे. समोरच्याचा पत्ता शोधण्यातच वेळ जातो आहे, कारण पावतीवर पत्ता नव्हता आणि मी तो मागितला नव्हता. टँकला हात लावू देण्याआधी ओळखपत्राचे आणि गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र घ्या.

मीडिया स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या बादलीत, टँकच्याच पाण्यात बुडवून आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप लावून न्या. एक रात्रसुद्धा दुसऱ्याच्या घरी ठेवू नका. निघण्याआधी रिंगांची छायाचित्रे काढा आणि दोन-तीन रिंगांना रंगीत दोरा बांधा. माशांना आदल्या दिवशी खाद्य देऊ नका, म्हणजे पिशवीतल्या पाण्यात अमोनिया कमी साचतो. पाणी-खडीसकट टँक उचलू देऊ नका, सांधा उघडतो.

माझ्या टँकमध्ये ८ जून रोजी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही पहिल्यांदा शून्यावर आले. कौलाच्या ज्या तुकड्यावर ठसा आहे तो त्रिकोणी असून त्याची एक कड काळपट भाजलेली आहे. पुणे, ठाणे किंवा मुंबईत कोणी विकत घेतलेल्या जुन्या मीडियात असा तुकडा निघाला, तर तो कृपया फेकू नका. त्याचे छायाचित्र, विकणाऱ्याचा क्रमांक आणि पावती जपून ठेवून आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा, म्हणजे माझी तक्रार एकटी राहणार नाही.