कोचीतील एका दिवसासाठी वॉटर मेट्रो

क्रूझ जहाज कोचीच्या विलिंग्डन बेटाला लागले की प्रवाशाच्या हाती थोडेच तास असतात, आणि ते बसच्या खिडकीतून शहर पाहण्यात घालवू नयेत, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी २०२३ साली सुरू झालेली वॉटर मेट्रो, म्हणजे शहरातील सार्वजनिक बोटसेवा, ही उत्तम सोय आहे. बंदरातून रिक्षाने हायकोर्ट धक्क्यावर जाऊन फोर्ट कोचीची बोट धरावी. बोट विजेवर चालणारी, वातानुकूलित आणि स्वच्छ आहे. शिवाय धक्का तरंगता असल्याने भरती-ओहोटीतही तो बोटीच्या पातळीलाच राहतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनाही पायरी न चढता अलगद आत जाता येते. सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दी असते, म्हणून सकाळीच निघावे.

उतरल्यावर मासेमारीची चिनी जाळी आणि १५२४ साली वास्को द गामाला जेथे प्रथम पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च पायीच पाहून होते. खरा वेळ द्यावा तो मट्टनचेरी राजवाड्याला. राजाच्या शयनगृहातील रामायणाची भित्तिचित्रे इतकी दाटीने रंगवली आहेत की गेरू आणि हिरव्या रंगांत बोटभरही जागा मोकळी दिसत नाही. हा राजवाडा शुक्रवारी आणि जवळचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असते. याच परिसरात गोव्यातून आलेल्या कोकणीभाषकांची जुनी वस्ती आहे. मराठी माणसाने तिकडे अवश्य फिरावे. परतताना बोटीच्या वेळेवर विसंबू नये. मट्टनचेरीहून रिक्षाने थोप्पुंपडीमार्गे थेट बंदर गाठावे.