एआयएस: जहाज स्वतःबद्दल जे सांगते, तेवढेच सांगणारे यंत्र

तटरक्षक दलाच्या नियंत्रण कक्षातील पडद्यावर जी असंख्य त्रिकोणी चिन्हे सरकत असतात, ती बहुतांशी एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख प्रणाली, या एकाच साधनामुळे दिसतात. सागरी सुरक्षेचा विषय निघाला की ड्रोन, रडार आणि उपग्रह यांच्यावर भरपूर बोलले जाते. रोजच्या पहाऱ्यात ज्याच्याकडे सर्वाधिक वेळा नजर जाते, त्या एआयएसचे परीक्षण मात्र क्वचितच वाचायला मिळते. जहाजाच्या कप्तानाला ते किती उपयोगी पडते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मी ते किनाऱ्यावर पहारा देणाऱ्यांच्या बाजूने पाहिले आहे.

जहाजावरील संच व्हीएचएफ रेडिओच्या 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवरून जहाजाचे स्थान, वेग, दिशा आणि 9 अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरील त्याची ओळख, सतत प्रसारित करतो. मोठ्या जहाजांवरील ‘क्लास ए’चा संच 23 नॉटपेक्षा (ताशी 23 सागरी मैलांपेक्षा) अधिक वेगाने जाणाऱ्या जहाजाची माहिती दर 2 सेकंदांनी पाठवतो, जहाज नांगरलेले असेल तर दर 3 मिनिटांनी. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या 300 किंवा त्याहून अधिक ग्रॉस टनेजच्या (जहाजाच्या आकारमानाचे माप) जहाजांवर आणि सर्व आकारांच्या प्रवासी जहाजांवर समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार हा संच बंधनकारक आहे.

याचे मोल रात्रीच्या पहाऱ्यात कळते. एआयएस नसेल तर रडारवर नुसता एक ठिपका दिसतो, आणि ‘अमुक अक्षांश, अमुक रेखांशावरील जहाज’ अशी चॅनल 16 वर, म्हणजे सर्व जहाजे ऐकत असलेल्या रेडिओ वाहिनीवर, हाक मारून उत्तराची वाट पाहावी लागते. एआयएस असेल तर त्याच जहाजाला नावाने हाक मारता येते, आणि नावाने मारलेल्या हाकेला उत्तर लवकर मिळते. बचावकार्यात तर या साधनाला मी पैकीच्या पैकी गुण देईन: जीवरक्षक तराफ्यावरील एआयएस-सार्ट हा संकटसंदेश पाठवणारा छोटा संच सुरू झाला की 970 ने सुरू होणारा क्रमांक जवळपासच्या सर्व जहाजांच्या पडद्यांवर उमटतो, आणि शोध कोठून सुरू करायचा हा प्रश्नच उरत नाही.

पहाऱ्याच्या कसोटीवर मात्र या यंत्राची मूळ घडणच आड येते. ते टक्कर टाळण्यासाठी बनवले गेले, आणि टक्कर टाळू पाहणारे जहाज खरे बोलेल, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. संदेश खरोखर त्याच जहाजाकडून आला आहे का, हे पडताळण्याची कोणतीही सोय त्यात नाही. जहाजाचे नाव, प्रकार आणि गंतव्य बंदर माणूस हाताने भरतो. पडद्यावर ‘नांगरलेले’ अशी नोंद असलेले जहाज 12 नॉटने चाललेले दिसते, तेव्हा बहुधा निघताना नोंद बदलायचे राहून गेलेले असते. पण हलगर्जीपणा आणि लबाडी पडद्यावर अगदी सारखीच दिसतात, आणि पहारेकऱ्याला दोन्हींची चौकशी करावी लागते.

जून 2017 मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळील अनेक जहाजांचे जीपीएस त्यांना थेट विमानतळावर दाखवू लागले आणि एआयएसने ती खोटी स्थाने इमानेइतबारे प्रसारित केली. जून 2021 मध्ये ब्रिटनची ‘डिफेंडर’ आणि नेदरलँड्सची ‘एव्हर्टसेन’ या युद्धनौका युक्रेनच्या ओडेसा बंदरात उभ्या असताना त्या रशियाच्या ताब्यातील सेवास्तोपोलकडे निघाल्याची बनावट नोंद एआयएसच्या माहितीत आली. बंदरातील कॅमेऱ्यांमुळे ती उघडी पडली.

खोट्यापेक्षाही मौन अधिक अडचणीचे असते. संच चालू राहिल्यास जहाजाची सुरक्षा धोक्यात येईल असे कप्तानाला वाटले, तर तो बंद करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2015 च्या ठरावात आहे, आणि समुद्री चाच्यांच्या भागातून जाणाऱ्यासाठी ती रास्तच आहे. त्यामुळे संच बंद असणे हा स्वतःहून पुरावा ठरत नाही. लहान मासेमारी नौकांवर तर तो बहुतेकदा नसतोच. उपग्रहांच्या रडार प्रतिमा आणि एआयएस यांची सांगड घालून केलेला एक अभ्यास जानेवारी 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात औद्योगिक मासेमारी करणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश नौका सार्वजनिक मागोव्यात दिसतच नसल्याचे आढळले.

उपग्रहावरून एआयएस पकडण्याची सेवा दूरच्या समुद्रासाठी घेण्याजोगी आहे, पण गजबजलेल्या सागरी मार्गांवर तिच्यावर विसंबू नये. एका मिनिटात दोन्ही वाहिन्यांवर मिळून संदेश पाठवण्याचे 4,500 छोटे कालखंड असतात आणि परस्परांच्या टप्प्यातील जहाजे ते आपसांत वाटून घेतात. उपग्रहाला मात्र एकमेकांना ऐकू न येणारी हजारो जहाजे एकदम ऐकू येतात, आणि त्यांचे संदेश एकमेकांवर आदळून हरवतात.

म्हणून माझे मत असे की, तटरक्षक दलाने एआयएस अवश्य घ्यावे, पण ते रडारच्या चित्रावर चढवूनच वापरावे. रडारवर ठिपका आहे आणि एआयएस नाही, किंवा एआयएसचा त्रिकोण आहे आणि त्याखाली ठिपकाच नाही, या विसंगतीतच सुरक्षेच्या दृष्टीने खरी माहिती असते. नियंत्रण कक्षाची प्रणाली विकत घेताना विक्रेत्याकडून सुबक नकाशापेक्षा हीच जुळणी भरतीच्या वेळी, लाटांच्या गोंधळात आणि शेकडो लहान नौकांच्या गर्दीत करून दाखवायला सांगावी. दर मिनिटाला इशारा वाजवणारी प्रणाली पहारेकरी दुसऱ्याच रात्री मुकी करून ठेवतो. एआयएसची पुढची पिढी असलेल्या व्हीडीईएसमध्ये संदेशांवर डिजिटल स्वाक्षरी करता येण्याइतकी जागा आहे, म्हणजे संदेश कोणाकडून आला हे पडताळता येईल. नवे किनारी संच घेताना त्यांत ही सोय पुढे जोडता येईल का, हे करारात आताच लिहून घ्यावे.