जुनं मराठी पुस्तक हवंय? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय

ताजी कादंबरी घरी न्यायची असेल तर कुठलीही बरी लायब्ररी चालते. ठाणे पश्चिमेला सुभाष पथावरच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची खरी किंमत कळते ती शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक शोधताना. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी १ जून १८९३ रोजी ते सुरू केलं, तेच मुळी मराठी ग्रंथ एका जागी जमावेत म्हणून. भावे तेव्हा जेमतेम एकविशीतले. मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारा त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा ग्रंथ पुढचा. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं, म्हणजे पाच वर्षांनी धाकटं. (ठाणेकर हे ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.)

जाताना लेखकाचं आडनाव, पुस्तकाचं नाव आणि अंदाजे साल कागदावर लिहून न्या. नुसतं ‘निळ्या कव्हरचं, इतिहासाचं’ म्हणून कोणालाच काही सापडत नाही. जुन्या मुखपृष्ठांवर बऱ्याचदा इसवी सनाऐवजी शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवा, पुस्तक जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९. शके १८१५ म्हणजे १८९३-९४. दुसरी अडचण अनुस्वारांची. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांवर ‘पुणें’, ‘नांव’ असंच छापलंय. नोंद मिळाली नाही तर दोन्ही रूपं तपासा, मगच ‘नाही’ म्हणा. मासिकातला लेख हवा असेल तर वर्ष आणि अंक दोन्ही लागतात, कारण सबंध वर्षाचे अंक सहसा एकाच बांधणीत असतात.

पुस्तक हातात आल्यावर सावकाश. १८५०च्या आसपासचा चिंध्यांचा कागद अजून लवचिक असतो. त्यानंतरचा लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून दुमडताच तुटतो, आणि दुसऱ्या महायुद्धातला टंचाईचा कागद तर सगळ्यांत वाईट. खाडीकाठची दमट हवा बुरशी वाढवते, कसर पुठ्ठ्याची खळ खाते. म्हणून पुस्तक १८० अंशांत उलगडून झेरॉक्सवर दाबणं म्हणजे शिवण उसवायलाच घेणं. परवानगी काढून, पुस्तक अर्धवट उघडं ठेवून मोबाइलने फोटो काढा; पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकपानाचा, म्हणजे आवृत्ती आणि छापखाना हाताशी राहतो. टिपणं पेन्सिलने. पावसाळ्यात घरी नेणार असाल तर प्लॅस्टिकची पिशवी सोबत असू द्या.