मास्क, मिशी आणि सेंट जॉन : सात महिन्यांनंतर

गेल्या रविवारी वायएमसीएच्या पोहण्याच्या तलावावर पाण्याखाली बघायचा मास्क डोक्यावर चढवताना पट्ट्याचं बक्कल तुटून हातात आलं. नव्वद डॉलरचा मास्क, वय सात महिने. दुकानाने "पट्टा वॉरंटीत येत नाही" म्हणून हात वर केले. तेव्हा रागातच लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो. ज्या सहलीसाठी तो घेतला, तिचाही हिशेब इथेच करतो.

सहल नेहमीचीच. कॅरिबियनमधल्या अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसच्या रेड हुक बंदरातून सकाळी कॅटामरानने (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) निघायचं, शेजारच्या सेंट जॉन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर दोन ठिकाणी स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं), बोटीवरच जेवण आणि रम पंच, चारला परत. माणशी १६५ डॉलर, टिप वेगळी. आम्ही न्यू जर्सीहून फेब्रुवारीत गेलो. ही बेटं १९१७ साली अमेरिकेने डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून घेतली, त्या सौद्याचा फायदा आम्हाला एवढाच की भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागला नाही. शेजारच्या ब्रिटिश बेटांची सहल कागदपत्रांच्या कटकटीपायी रद्द केली होती. मात्र परतताना विमानतळावर इमिग्रेशनची रांग असते, पासपोर्ट घरी विसरू नका.

मास्क आणि नळी बोटीवर फुकट मिळते. पण कालच कुणाच्या तरी तोंडात असलेली उष्टी नळी मी तोंडात घालणार नाही, असं घरी जाहीर करून मी स्वतःचा संच विकत घेतला. बायकोने बोटीवरचा उचलला.

पहिला थांबा हनीमून बीच. उतरल्यावर दोन मिनिटांत माझ्या नाकाशी पाणी. वर आलो, ओतलं, पट्टा आवळला, पुन्हा खाली. पुन्हा पाणी, आणि या वेळी जास्त. असं आठ-दहा वेळा झालं. तोवर बायकोने भलं मोठं पाकट वाळूत लपताना पाहिलं आणि मला दाखवायला हात ओढला. मला दिसलं फक्त खारट धुकं. मी मनात दुकानाला शिव्या मोजत होतो.

बोटीवर चढलो तर खलाशी पोरगा माझ्याकडे बघून हसला आणि बोटाने आपला वरचा ओठ दाखवला. मिशी! मास्कची सिलिकॉनची कड कातडीला चिकटून बसली तरच पाणी अडतं, केसांमधून त्याला आयती वाट मिळते. आणि पट्टा आवळला की कड दुमडते, गळती वाढते. म्हणजे मी दहा वेळा नेमकं उलटं केलं होतं. एवढी साधी गोष्ट नव्वद डॉलरच्या खोक्यावर का छापत नाहीत? बायको म्हणाली, "काढून टाक की एकदाची." वीस वर्षांची मिशी एका माशापायी? पोराने डबीतली पेट्रोलियम जेली मिशीवर चोपडून दिली, पट्टा दोन खाचा सैल केला.

इथून मत बदललं. दुसरा थांबा माहो बे. खाली समुद्री गवताचं कुरण आणि त्यात एक हिरवं कासव चरत होतं. अगदी गाय चरते तसं, तोंडाने गवत तोडत, मान हलवत. मग सावकाश वर आलं, माझ्यापासून हातभर अंतरावर डोकं बाहेर काढून एक श्वास घेतला आणि परत खाली. मी नळीतूनच ओरडलो बहुतेक. हसलं तरी कड सुटते, हे तेव्हा कळलं. नाकातून फुंकर मारून पाणी काढायचं तंत्रही तेव्हाच जमलं. कासवाला हात लावायचा नाही, त्याच्या वाटेत पोहायचं नाही. बोटही तिथे नांगर टाकत नाही, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला बांधतात, नाहीतर गवत उपटलं जातं. तारकर्लीची आठवण येणारच, पण तिथे मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. अर्थात तेव्हाही मिशी होतीच, म्हणजे दोष समुद्राचा नसेलही.

शिडांबद्दल एक तक्रार होती, ती मागे घेतो. जाताना पूर्णवेळ इंजिन चालू, मी मनात १६५ भागिले दोन करत बसलो होतो. पण वारा तिकडे पूर्वेकडून येतो आणि सेंट जॉन पूर्वेलाच. जाताना तो थेट तोंडावर असतो. परतताना शिडं चढवली, इंजिन बंद केलं, आणि पुढच्या जाळीवर पालथं पडून खालून पळणारं पाणी बघत आलो. तो अर्धा तास पैसे वसूल.

सनस्क्रीन घाऊक दुकानातून नेऊ नका. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलिन असलेल्या बाटल्यांना तिथे २०२० पासून कायद्याने बंदी आहे, प्रवाळाला त्रास होतो म्हणून. आमची मोठी बाटली बॅगेतच राहिली. झिंकवाली लावली, दिवसभर भस्म फासल्यासारखे दिसत होतो.

आता सात महिन्यांनंतरचं. दर रविवारी तलावात तीच जेली वापरली. हळूहळू वरच्या ओठापाशी कड फुगली, मऊ पडली आणि गळती परत सुरू झाली. दुकानाचं उत्तर: पेट्रोलियम जेली सिलिकॉनला चालत नाही, ही वापरणाऱ्याची चूक. चूक माझी, मान्य. त्यासाठी सिलिकॉन ग्रीसची नऊ डॉलरची डबी मिळते, हे त्यांनी तेव्हाच विकायला हवं होतं. विकली असती तर मी घेतली नसती, तो भाग वेगळा. पण बक्कल? त्याला तर मिशी लागत नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीची तिकिटं काढली आहेत. बायको म्हणते, बोटीवरचाच फुकटचा मास्क घेणार. मी माझा नेतोय. बक्कलाच्या जागी वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी आवळली आहे, आणि ती तुटली तर उरलेल्या एकोणपन्नास पट्ट्यांचं पाकीट बॅगेत टाकलंय.