कोरिलेशन की रिग्रेशन? रसवंतीच्या वहीवरून

भाची बी.कॉम.ला आहे. सीताबर्डीच्या एका रसवंतीवर बसून तिने रोजचं तापमान आणि विकलेले ग्लास वहीत उतरवले. आता अडलीय: "मामा, यावर कोरिलेशन लावू की रिग्रेशन?" कोरिलेशन म्हणजे सहसंबंध, दोन गोष्टींचं नातं किती घट्ट ते सांगणारा आकडा; रिग्रेशन म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा.

मी म्हटलं, आधी एककं बघ. सहसंबंधाचा आकडा, म्हणजे r, -1 ते +1 मध्येच राहतो आणि त्याला एकक नसतं. सेल्सिअसऐवजी फॅरनहाइट घेतलं तरी तो तोच. रिग्रेशनचा उतार मात्र एककासकट येतो. समज, समीकरण निघालं: ग्लास = 10 × तापमान − 250. म्हणजे पारा एक अंशाने चढला की सरासरी 10 ग्लास जास्त. 42 अंशांना 170. उसाच्या मोळ्या किती आणायच्या ते दुकानदाराला इथे कळतं, नुसत्या r मधून नाही. पण हीच रेषा डिसेंबरच्या 20 अंशांवर नेलीस तर उत्तर येतं उणे 50 ग्लास! मोजलेल्या तापमानाबाहेर रेषा ओढू नकोस, हे मी तिला दोनदा सांगितलं.

क्रमाचं म्हणशील तर r ला x-y (इथे तापमान आणि ग्लास) अदलाबदल चालते, रिग्रेशनला नाही. ग्लासांवरून तापमान काढायचं तर रेषा नव्याने बसवावी लागते.

मेहनत जवळपास सारखीच, बेरजा त्याच लागतात. एखादा विचित्र दिवस दोघांनाही बिघडवतो, म्हणून आधी आलेख काढच. आणि कारण कोणतं, हे दोन्हींपैकी एकही सिद्ध करत नाही.

नातं किती घट्ट एवढंच सांगायचं असेल तर कोरिलेशन पुरे. उद्याचा अंदाज हवा असेल तर रिग्रेशन, सोबत r² (r चा वर्ग; ग्लासांमधला किती चढउतार रेषेने समजतो ते) लिहून.